भिंतीतल्या गोचिड्या

भिंतीला हात लावायचा नाही, असा कोर्टाचा हुकूम होता. गोचिड्यांना तो लागू नव्हता.

ऊन कललं की त्या निघायच्या. दगडांच्या सांध्यांतून, माती झडून पडलेल्या भोकांतून, चपट्या, तपकिरी, तिळाएवढ्या. आधी भिंत धरून वर चढायच्या, मग दोरीवरनं, खांबावरनं, जाळीवरनं कुत्र्यांच्या अंगावर. सकाळपर्यंत रक्त पिऊन टम्म.

साधना सकाळी चहाच्याही आधी गोठ्यात जायची. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात ऑइलचा कापलेला डबा, त्यात बोटभर डिझेल. कुत्रं मांडीवर घ्यायचं, कान उलटा करायचा, पंजाच्या बोटांमधली कातडी फाकवायची, शेपटीखाली बघायचं. फुगलेली असली की एरंडाच्या बीसारखी राखाडी दिसायची. चिमटा कातडीला टेकवून सरळ ओढायचं आणि डब्यात टाकायचं. कुत्री पण शिकली होती. कान धरला की डोळे मिटून पडायची, पोरीची वेणी घालताना पोरगी बसते तशी.

तिच्या नवऱ्याला, समाधानला, हे काम जमत नव्हतं. चाकणच्या एका कंपनीत पॉवर प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. त्या दोघांत मोबाईल धरता यायचा, चहाचा कप धरता यायचा. चिमटा नाही. ठेकेदारानं दवाखान्यापर्यंत सोबत केली, नंतर फोन उचलायचं सोडलं. मग कुणीतरी सुचवलं, मारुंजीत गोठा रिकामा पडलाय, वाकडातली आयटीवाली माणसं गावाला जाताना कुत्री ठेवायला जागा शोधत फिरतात, कर की राव काहीतरी. त्यानं पत्र्याला निळा रंग दिला, जाळ्या ठोकल्या, रस्त्यावर बोर्ड लावला. समाधान डॉग हॉस्टेल.

त्याचा बाप आबाजी पहिले चार दिवस गोठ्याकडं फिरकला नाही. मग एक दिवस येऊन दारात उभा राहिला, म्हणाला, गाया गेल्या, म्हशी गेल्या, आन आता कुत्री. डुकरं आणली न्हाईस, उपकार झालं. पण दुसऱ्या दिवसापासनं पाण्याच्या बादल्या तोच भरायला लागला. दावणीला जीव असला की म्हाताऱ्याला घरात बसवत नव्हतं.

आता भिंतीचं. गोठ्याची मागची भिंत काळ्या दगडाची, मातीत रचलेली. आबाजीनं आणि त्याच्या थोरल्या भावानं ऐन उमेदीत दोघांनी मिळून उचलली. इकडं ह्याची गुरं, तिकडं त्याची. भाऊ गेला, त्याचा सयाजी मोठा झाला, समोरचा रस्ता रुंद झाला, बिल्डरच्या गाड्या फिरायला लागल्या, आणि दीड हात जाडीची भिंत कुणाची, हा सवाल निघाला. सयाजी म्हणाला आमची. आबाजी म्हणाला माझ्या खांद्याला इचार. प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्ट म्हणालं, निकाल लागेपर्यंत जैसे थे. पाडायची नाही, लिंपायची नाही, खिळा ठोकायचा नाही. सयाजीनं आपल्या बाजूला लोखंडी खांब उभा करून त्यावर कॅमेरा लावला. कॅमेऱ्याचं तोंड भिंतीच्या माथ्यावरनं सरळ गोठ्यात.

साधना कुत्र्याची शेपटी वर करून गोचिड्या काढत बसायची, ते सगळं त्या कॅमेऱ्यात जायचं.

कोजागिरी झाली आणि वाकडहून सुखदा म्हणून एक बाई आली. आयटीतली, एकटी राहणारी. कंपनी तिला दीड-दोन महिने परदेशात पाठवत होती. गाडीतनं तिनं एक पांढरं, बुटकं, गावठी वळणाचं कुत्रं उतरवलं, त्याचं नाव इडली. रस्त्यावर सापडलेली, तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली.

आबाजीनं नाव परत विचारून घेतलं. मग म्हणाला, "बरं हाय. भूक लागल्यावर हाक मारायला."

सुखदा हसली. पण लगेच तिनं गोठ्याभर नजर फिरवली आणि समाधानला विचारलं, "टिक्स नाहीत ना इथे? तिला एकदा त्रास झालाय. तेवढंच बघा, बाकी काहीही खायला द्या."

"न्हाईत मॅडम," समाधान म्हणाला. "आमी रोज साफ करतो."

दुसरं वाक्य खरं होतं. साधना बाजूला उभी होती, हातातला डबा तिनं पाठीमागं धरला.

सुखदा गेल्यावर इडली दाराशी बसून राहिली. साधनानं तिला गोठ्यात न ठेवता घराच्या पडवीत बांधलं, भिंतीपासनं लांब. समाधानला म्हणाली, हिला तिकडं न्यायचं न्हाई. तोही हो म्हणाला. दोघांनाही कळत होतं. एक कुत्रं दगावलं की वाकडात त्या सोसायटीतनं ह्या सोसायटीत बातमी जायला संध्याकाळ लागत नाही. मग जाळ्या उचकटायच्या आणि समाधाननं दोन बोटांचा हात घेऊन पुन्हा कंपन्यांच्या गेटवर उभं राहायचं.

इडली साधनाच्या मागं मागं राहायची. भाकरी थापताना पायाशी, धुणं धुताना दगडापाशी. रात्री सुखदानं दिलेलं पांघरूण तोंडात धरून झोपायची.

वसुबारस आली.

आबाजी सकाळपासनं अस्वस्थ होता. गाय जाऊन किती वर्षं झाली तरी हा दिवस त्याला सोडत नव्हता. मागल्या साली तो दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊन गाय-वासराच्या पाया पडून आला होता. ह्या साली त्या गोठ्याच्या जागी पार्किंग झालं होतं. दुपारी त्यानं साधनाला सांगितलं, दावण मोकळी ठेवायची न्हाई आज. जे जनावर दावणीला हाय त्याला ओवाळ.

"आबा, कुत्री हायत ती."

"मला डोळं हायत. दावणीला हाय ना? खातं ना आपल्या हातचं? मग ओवाळ."

साधनाचा उपास होता, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी संध्याकाळी. तिनं ताट केलं. हळद, कुंकू, निरांजन. आबाजीनं स्वतः एकेक कुत्रं भिंतीलगतच्या जुन्या दावणीला आणून बांधलं. मग पडवीतनं इडलीला उचललं. साधना नको म्हणाली, तिला ऱ्हाऊ द्या तिकडंच. म्हाताऱ्यानं ऐकलं नाही. म्हणाला, सगळ्यात लहान हाय, वासराच्या जागी तीच. आणि त्यानं तिला भिंतीतल्या दगडी गव्हाणीत बसवलं, जिथं पूर्वी वासरू तोंड घालायचं.

साधना एकेकाला कुंकू लावत गेली. एक लॅब्रॅडॉर निरांजन चाटायला गेलं. एकानं अक्षता खाल्ल्या. वरनं हसल्याचा आवाज आला. सयाजी त्याच्या गच्चीवर मोबाईल धरून उभा होता.

"आबा," तो म्हणाला, "गोमाता भुंकायला कधी लागली?"

आबाजीनं वर बघितलं नाही. सयाजीची बायको स्वरूपा खाली तिच्या अंगणात होती, तिनं पदर तोंडाला लावला. ती हसली की नवऱ्याला काही म्हणाली, साधनाला कळलं नाही. स्वरूपाची मांजर, भुरी, भिंतीच्या माथ्यावर पाय पोटाखाली घेऊन सगळा कार्यक्रम बघत होती. भुरीला कोर्ट ठाऊक नव्हतं. ती दिवसातनं दहादा भिंत ओलांडायची.

इडली गव्हाणीत अंधार पडेपर्यंत बसून राहिली, कारण आबाजी तिच्याशी बोलत बसला होता. आपल्या भावाच्या गोष्टी सांगत होता म्हणे.

दुसऱ्या सकाळी साधनानं तिच्या अंगावरनं इतक्या गोचिड्या काढल्या की डब्यातलं डिझेल दिसेना.

दिवाळी गेली. तुळशीच्या लग्नाच्या आसपास इडलीनं खाणं सोडलं. आधी साधनाला वाटलं, मालकिणीची आठवण. मग ती पडवीच्या दोन पायऱ्या चढेना. अंग तापलेलं. साधनानं ओठ वर करून हिरड्या बघितल्या तर पांढऱ्या फटक, उकडलेल्या अंड्यासारख्या. संध्याकाळी नाकातनं रक्ताचा थेंब पडला, पांघरुणावर.

समाधाननं स्कूटर काढली. साधना मागं बसली, इडलीला पदरात गुंडाळून. वाकडच्या रस्त्याला डॉक्टर मिनलचा दवाखाना होता. कंपन्या सुटायची वेळ, रस्ता गच्च भरलेला. दोन पाण्याच्या टँकरच्या मधे अडकल्यावर समाधान पाठ न वळवता म्हणाला, "श्वास चाललाय का बघ." साधना दर सिग्नलला बघत होती.

डॉक्टरनं रक्त घेतलं, सलाईन लावली. टिक फीवर, म्हणाली, गोचिडीचा ताप. रक्तातल्या पेशी एकदम उतरल्यात. मग तिनं दोघांकडं बघून विचारलं की गोचिड्या घरात आहेत का.

समाधान खाली बघायला लागला. साधना म्हणाली, "भिंतीत हायत."

डॉक्टर खुर्ची ओढून बसली. तिनं समजावून सांगितलं. कुत्र्यावर दिसतात त्या थोड्या. मादी पोट भरलं की खाली पडते, भेगेत शिरते, तिथं हजारोंनी अंडी घालते. उपाशी असली तरी महिनोन्‌महिने भेगेत जगते. गोळ्या महिनाभर द्यायच्या, एकही दिवस चुकवायची नाही. पण गोळ्या चालू असताना पुन्हा तशाच गोचिड्या चावत राहिल्या तर हे कुत्रं सहन करणार नाही. "भेगा बुजवा. गिलावा करा. एका दिवसाचं काम आहे."

"भिंत कोर्टात हाय," समाधान म्हणाला.

डॉक्टरला कळेना. त्यानं सांगितलं. ती म्हणाली, फवारणी तरी करा, पण जपून, आणि मांजर असेल तर लांब ठेवा, जनावरांचं गोचिडीचं औषध मांजराला विष आहे. आमच्यात मांजर न्हाई, साधना म्हणाली. ते खरं होतं.

घरी आल्यावर इडली स्वयंपाकघरात, ओट्याखाली. साधना गोळी भाकरीच्या तुकड्यात घालून तिच्या घशापर्यंत ढकलायची आणि जबडा धरून बसायची. पण गोचीड काय दार वाजवून येते? ओट्याच्या कडेला एक सापडली, देव्हाऱ्याच्या खाली एक. एक साधनाच्या मानेवर, केसांच्या मुळाशी. ती तिला दुकानात रांगेत उभी असताना मागच्या बाईनं दाखवली, आणि दाखवून झाल्यावर ती बाई दोन पावलं मागं सरकली.

समाधान वकिलाकडं जाऊन आला. वकील म्हणाला, अर्ज करू, तारीख पडू दे. तोवर मातीचा गोळा लागला तरी अवमान होईल, समोरचा त्याच्यावरच टपलाय.

मग साधना स्वतः गेली. आत नाही, फाटकापर्यंतच. स्वरूपा नात्यानं तिची थोरली जाऊ. लग्नात हिच्या डोक्यावर पदर तिनं सारखा केला होता. केस सुरू झाल्यापासनं बोलणं बंद. साधना म्हणाली, ताई, तुमच्या बाजूनं तुमी बुजवा, आमच्या बाजूनं आमी बुजवतो, भिंत कुणाचीबी असू दे.

स्वरूपानं घराकडं बघितलं. हळू आवाजात म्हणाली, "माझ्या पोरीच्या कानामागं निघाली परवा. दोन दिवस ताप होता तिला. मी काय, आत्ता बुजवीन. पण ह्यांना इचारावं लागंल."

तिनं विचारलं असणार, कारण संध्याकाळी सयाजीच आला. चपला न काढता पडवीच्या पायरीवर पाय ठेवून उभा राहिला. आबाजीला आबाच म्हणाला, आवाज चढवला नाही.

"आबा, लिंपायचं म्हंजे ताबा दाखवायचा. आज माती लावली, उद्या म्हनाल आमीच राखली, आमचीच. मी खुळा न्हाई. गोचिड्या झाल्यात तर कुत्री हाकला. माझ्या गोठ्यात हायत का कुत्री?"

"तुझ्या बापानं आन म्या—" आबाजी म्हणाला.

"बापाचं नका काढू."

तो गेला. आबाजी बराच वेळ पायरीवरच्या त्याच्या चपलेच्या मातीकडं बघत बसला.

दोन दिवसांनी म्हाताऱ्यानं माळ्यावरनं एक बाटली काढली. गुरं असतानाची, गोचिडीच्या औषधाची. झाकण गंजलेलं, पण वास अजून डोळ्यात पाणी आणणारा. फवारायला हात कुठं लागतो भिंतीला, असं त्याचं म्हणणं. पाठीवरचा पंप काढला, आणि पाणी घातलं अर्धंच, कारण गोचिड्या लई झाल्यात. साधनाला डॉक्टरचं बोलणं आठवलं. ती भिंतीजवळ जाऊन ओरडली, ताई, भुरीला आत घ्या, औषध मारतोय. पलीकडनं स्वरूपाचं बरं आलं. दाराची कडी वाजली.

साधनानं कुत्री पुढच्या अंगणात नेऊन बांधली. आबाजीनं पंप मारला. सगळी भिंत, वरपासनं खालपर्यंत. भेगांतनं गोचिड्या गळायला लागल्या, तिळाचं पोतं फुटावं तशा. आबाजी हसला, खूप दिवसांनी. त्याचे दोन दात गेलेले साधनाला तेव्हा कळलं.

भुरी दुपारी खिडकीतनं निसटली. भिंतीच्या देवळीत ऊन यायचं, ती तिची जागा. औषधाच्या ओलीवर बसली, मग पाय चाटले.

स्वरूपा धावत आली ती फाटक ओलांडून थेट साधनाच्या न्हाणीपर्यंत. टॉवेलात मांजर. तोंडाला फेस, सगळं अंग थडथड उडतंय, कान पण. साधनानं डॉक्टरला फोन लावला, मोबाईल खांद्यात धरून ऐकत ऐकत कोमट पाणी केलं, भांड्याचं लिक्विड ओतलं, आणि दोघींनी मिळून भुरीला धुतलं. मांजरानं साधनाचं मनगट फाडलं. पुन्हा धुतलं. मग स्वरूपा मांजर छातीशी धरून समाधानच्या स्कूटरवर मागं बसली आणि गेली. गावानं बघितलं, सयाजीची बायको समाधानच्या मागं.

भुरी जगली. मान थोडी हलत राहिली तिची, पण जगली. स्वरूपा परतताना न्हाणीशी थांबली, साधनाच्या मनगटाकडं बघितलं, काहीतरी म्हणणार होती. पलीकडनं सयाजीची हाक आली.

आठवड्यात सयाजीच्या वकिलाची नोटीस आली. विषारी फवारणी करून वादातल्या भिंतीस व पाळीव प्राण्यास इजा. पंप मारतानाचं सगळं कॅमेऱ्यात होतं. समाधानच्या वकिलानं त्याला फोनवर झाडलं. आता फवाराही बंद.

आणि गोचिड्या? मेल्या त्या वरवरच्या. दीड हात जाडीच्या भिंतीच्या पोटात औषध पोचलंच नाही. चार दिवसांनी ऊन कललं तशा त्या पुन्हा निघाल्या, वर चढत.

इडली गोळ्यांनी जरा उठायला लागली होती. एका सकाळी साधनाला तिच्या काखेत पाच-सहा ताज्या सापडल्या. तासाभरात ती पुन्हा आडवी झाली. नाकातनं पुन्हा रक्त. डॉक्टर फोनवर म्हणाली, घेऊन या, आणि साधना, भिंत.

सलाईन लावून आणल्यावर साधना ओट्याशी बसली. इडलीनं मान उचलून तिच्या पायावर ठेवली. तेवढ्या कामानंच ती धापा टाकायला लागली. साधना तशीच बसली. मग पाय हळूच काढून घेतला, पांघरूण सारखं केलं, बाहेर गेली.

आबाजीनं तुळशीच्या कुंडीसाठी पिवळी माती आणून ठेवली होती. तिनं ती घमेल्यात घेतली. शेण गावात आता कुठलं, भुसा घातला, पाणी घातलं, हातानं मळली. समाधान दारात आला. त्यानं घमेलं बघितलं, कॅमेऱ्याकडं बघितलं.

"साधे."

"काय?"

थोड्या वेळानं त्यानं पाण्याची बादली डाव्या हातानं आणून तिच्याजवळ ठेवली.

भर उन्हात, कॅमेऱ्याच्या तोंडासमोर तिनं भिंत बुजवायला घेतली. अंगठ्यानं माती भेगेत कोंबायची, तळव्यानं दाबायची, पाण्याचा हात फिरवायचा. मोठ्या भोकांत आधी खडी. गव्हाणीच्या मागं हात कोपरापर्यंत जायचा. आत काहीतरी हुळहुळायचं, ती हात काढायची नाही. आबाजी बाजेवर बसून सांगत होता, तिथं दगड हलका हाय, तिथं जोर लावू नको, तो माझ्या भावानं बसवलाय, त्याला कधीच नीट बसवता आलं न्हाई. सूर्य कलला तोवर माणूसभर उंचीपर्यंत भिंत पिवळी झाली होती. तिची नखं दुखत होती. त्या संध्याकाळी काही निघालं नाही.

सयाजी आला नाही, ओरडला नाही. तेच वाईट होतं.

पण इडली सुधारली. एके दिवशी तिनं समाधानच्या ताटातला भात पळवला, आणि तो रागवायच्या ऐवजी ताट तिच्यापुढं सरकवून बसला. हिरड्या गुलाबी व्हायला लागल्या. रोज सकाळी साधना तिचं अंग तपासायची, चिमटा कोरडाच राहायचा.

सुखदा परतली ती विमानतळावरनं थेट इकडंच. इडली तिच्या अंगावर चढायला गेली आणि धडपडली. सुखदानं तिला उचललं, लगेच म्हणाली, हलकी झालीय.

समाधान म्हणाला की जरा ताप आला होता मॅडम, हवा बदलली ना, आता एकदम फिट. तो हसत होता. करंगळी आणि अंगठा एकमेकांवर घासत होता.

साधना गोळ्यांचं पाकीट घेऊन उभी होती. निम्म्या गोळ्या अजून बाकी होत्या. एकही दिवस चुकवायची नाही.

"गोचिडीचा ताप झालाय तिला," ती म्हणाली. "ह्या गोळ्या रोज द्यायच्या, खाल्ल्यावर. गोचिड्या आमच्या भिंतीतल्या. तुमी इचारलं तवाबी होत्या."

समाधाननं तिच्याकडं असं बघितलं की ती ती नजर पुढं कधी विसरली नाही. रागाची नव्हती. प्रेसखालनं हात काढल्यावर तो हाताकडं तसा बघत होता, असं दवाखान्यापर्यंत आलेल्या ठेकेदारानं तिला सांगितलं होतं.

सुखदा ओरडली नाही. पाकीट घेतलं, कुत्रं घेऊन गाडीत बसली, काच वर केली. बराच वेळ गाडी जागची हलली नाही. मग काच खाली झाली.

"आधी सांगायला हवं होतं तुम्ही."

"व्हय," साधना म्हणाली.

गाडी गेली. इडली मागच्या काचेतनं बघत होती. पांघरूण राहिलं, ते साधनानं धुवून दोरीवर टाकलं.

संध्याकाळपासनं समाधानचा फोन वाजायला लागला. त्या आठवड्यात एकेक गाडी येत गेली, एकेक कुत्रं जात गेलं. कुणी बोलून गेलं, कुणी न बोलता. एका माणसानं आपल्या लॅब्रॅडॉरला गेटवरच उभं करून कान उलटे करून बघितले, साधनासमोर. काही सापडलं नाही. तरी त्यानं हात सॅनिटायझरनं पुसले.

गोठा रिकामा झाला. आबाजी तरी सकाळी बादल्या भरून ठेवायचा.

मग कोर्टाची तारीख लागली. कॅमेऱ्यातलं सगळं तिथं दाखवलं गेलं. साधना, घमेलं, अंगठा. समाधानच्या वकिलानं कुत्र्याचं, तापाचं सांगून बघितलं. हुकूम झाला तो एवढाच की भिंत पूर्वी होती तशी करून द्या. माती काढा. दुसऱ्या पक्षासमोर काढा. परत असं झालं तर बघू.

सयाजी सकाळीच आला, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. मोबाईल सुरू केला. तारीख बोलला, वेळ बोलला. स्वरूपा त्यांच्या अंगणात उभी होती, मुलीचा हात धरून. मुलीच्या कडेवर भुरी, मान हलवत.

समाधान पुढं झाला. लोखंडी सळई त्यानं अंगठा-करंगळीत धरली, डाव्या हातानं आधार दिला. माती वाळून दगडासारखी झाली होती. सळई घसरली, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्याच्या गुडघ्याला लागली. मोबाईल चालूच होता. सयाजी म्हणाला, निवांत कर, मला घाई न्हाई.

साधनानं सळई समाधानच्या हातातनं काढून घेतली. त्यानं ती सोडली.

तिनं तिचीच माती काढायला घेतली. मोठे पापुद्रे सळईनं पडले. भेगांच्या आतली माती निघेना तेव्हा तिनं कमरेचा चिमटा काढला, तोच, गोचिडीचा, आणि त्यानं कोरायला लागली. सयाजी बोटानं दाखवत होता, हे राहिलं, इथं पन भोक होतं. ती ते कोरायची. माती तिच्या केसांत, पापण्यांवर बसत होती. आबाजी घरात जाऊन दार लोटून बसला होता.

भेगा उघडत गेल्या तशा आतनं त्या निघाल्या. कोंडून उपाशी राहिलेल्या, कागदाएवढ्या चपट्या. आधी एकदोन, मग बऱ्याच. गोठ्यात कुत्रं नव्हतं. ऊब होती ती दोन-तीन माणसांची, आणि सयाजी गव्हाणीला टेकून उभा होता, नीट दिसावं म्हणून.

साधना मागं सरली तेव्हा तिला दिसली. सयाजीच्या खांद्यावर, इस्त्रीच्या कॉलरवरनं मानेकडं. वर, कानाकडं. तिनं पलीकडं बघितलं. मुलगी भुरीची मान धरून ठेवायला बघत होती, हलू नये म्हणून.

"भावजी," साधना म्हणाली, "हलू नका."

सयाजी थबकला. मोबाईल तिच्याकडंच होता. तिनं हात लांब केला, चिमटा त्याच्या कानाच्या पाळीखाली टेकवला आणि सरळ ओढला. त्याच्या डोळ्यांसमोर धरली. गोचीड पाय हलवत होती. सयाजीचा हात आपोआप मानेवर गेला. चाचपून बघू लागला, आणखी आहेत का.

डिझेलचा डबा तिथंच होता, कट्ट्यावर. साधनानं डब्याकडं बघितलं. मग ती भिंतीकडं वळली, नुकतीच उकरलेली भेग शोधली, आणि चिमटा आत घालून गोचीड तिथं सोडली.

"जिथली तिथं," ती मोबाईलकडं बघत म्हणाली. "घ्या. जशी होती तशी."